अर्धवट राहिलेली पदवी ऑनलाइन पूर्ण करायचीय? आधी जुने क्रेडिट मोजा, मग विद्यापीठ निवडा

माझी मावसबहीण एका पतसंस्थेत क्लार्क आहे. २०२१ साली तिने बी.कॉम.ला प्रवेश घेतला, चार सेमिस्टर दिली. मग काकांना अर्धांगवायूचा झटका आला, दुकान तिच्यावर पडलं आणि टी.वाय.चा, म्हणजे तिसऱ्या वर्षाचा, फॉर्म भरायचा राहून गेला. मधल्या काळात लग्नही झालं. मागच्या वर्षी संस्थेत वरची जागा निघाली. पात्रता काय, तर पदवी. त्या संध्याकाळी ती प्लॅस्टिकची फाइल घेऊन माझ्याकडे आली. आत चार मार्कशीट होत्या. तिसऱ्या सेमिस्टरच्या मार्कशीटवर एका विषयासमोर 'एफ', म्हणजे नापास. सोबत एका खासगी विद्यापीठाच्या समुपदेशकाचा व्हॉट्सअॅप मेसेज: "तुमचे सगळे क्रेडिट धरले जातील, थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश, आज पाच हजार भरून जागा पक्की करा."

क्रेडिट म्हणजे पास झालेल्या प्रत्येक विषयाला त्याच्या अभ्यासाच्या वजनाप्रमाणे मिळणारे अंक. आम्ही ते पाच हजार भरले नाहीत. "सगळे क्रेडिट धरले जातील हे विद्यापीठाच्या ईमेलवरून लिहून द्या," एवढंच मागितलं. तीन दिवस फोनवर फोन आले, ईमेल काही आला नाही. पुढचे दोन महिने आम्ही जे शोधलं, विचारलं, लिहून घेतलं, ते इथे क्रमाने मांडतो. ज्यांची पदवी मध्येच सुटली आहे त्यांनी यातली एकही पायरी गाळू नये, असं मला मनापासून वाटतं. कारण इथे चूक झाली की नुसते पैसे जात नाहीत, एकदा पास झालेलं अख्खं वर्ष पुन्हा करावं लागतं.

पहिली पायरी: आपल्या हातात नक्की काय आहे?

"माझी दोन वर्षं झालीत" हे उत्तर इथे चालत नाही. वहीचं एक पान घ्या आणि प्रत्येक सेमिस्टरचा प्रत्येक विषय, त्याचे क्रेडिट आणि निकाल लिहून काढा. क्रेडिट फक्त पास झालेल्या विषयाचे मिळतात. परीक्षेला बसलो, अंतर्गत गुण मिळाले, पण लेखी राहिली, तर त्या विषयाचा हिशेब शून्य. बहिणीच्या अभ्यासक्रमात सेमिस्टरला वीस क्रेडिट होते. चार सेमिस्टरचे ऐंशी व्हायला हवे होते, पण अडकलेला विषय तीन क्रेडिटचा होता, म्हणून सत्त्याहत्तर. पदवी एकशेवीस क्रेडिटची. राहिले त्रेचाळीस. हा आकडा समोर आला तेव्हा तिचा चेहरा बदलला. तोवर तिच्या मनात "सगळं वाया गेलं" एवढंच होतं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर प्रवेश घेतलेल्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. नव्या रचनेत पहिलं वर्ष पूर्ण करून बाहेर पडणाऱ्याला प्रमाणपत्र आणि दुसरं वर्ष पूर्ण करणाऱ्याला पदविका मिळू शकते. त्यासाठी साधारण चाळीस आणि ऐंशी क्रेडिट लागतात, शिवाय चार क्रेडिटचा एक कौशल्य अभ्यासक्रमही करावा लागतो. तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करावी लागते. तुमच्या अभ्यासक्रमाची रचना जुनी की नवी, हे प्रवेशाच्या वर्षावर ठरतं. ते कॉलेजच्या कार्यालयात विचारून घ्या.

आणि ज्यांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी वार्षिक पद्धतीत एफ.वाय., एस.वाय. केलं आहे, त्यांच्या मार्कशीटवर क्रेडिट हा शब्दच नसतो. त्यांना सरळच सांगतो: जुना अभ्यास दुसऱ्या विद्यापीठात धरून घेण्याच्या, म्हणजे हस्तांतराच्या, मागे फार धावू नका. मुक्त विद्यापीठात पहिल्या वर्षापासून सुरुवात करणं बहुतेक वेळा कमी त्रासाचं आणि कमी खर्चाचं पडतं. आपलं बारावीचं प्रमाणपत्र कधीच शिळं होत नाही.

दुसरी पायरी: नवं दार शोधण्याआधी जुनं दार वाजवा

ही पायरी जवळजवळ सगळे विसरतात. आम्हीही विसरलो होतो. ऑनलाइन विद्यापीठांच्या जाहिराती पाहत बसलो आणि आपल्याच विद्यापीठाला विचारायचं राहिलं.

जुन्या विद्यापीठाकडे दोन प्रश्न घेऊन जायचं. एक, माझी नोंदणी अजून जिवंत आहे का? यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पदवीच्या नेहमीच्या मुदतीवर दोन वर्षं जादा मिळतात आणि अपवादात्मक परिस्थितीत आणखी एक. म्हणजे तीन वर्षांच्या पदवीला साधारण पाच. विद्यापीठांचे स्वतःचे नियमही असतात, त्यामुळे पीआरएन नंबर, म्हणजे विद्यापीठाने दिलेला कायमचा नोंदणी क्रमांक, घेऊन परीक्षा विभागातच विचारा, कॉलेजच्या शिपायाच्या किंवा मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा: विद्यापीठाचा स्वतःचा दूरशिक्षण विभाग आहे का, आणि नियमित अभ्यासक्रमातून तिथे तिसऱ्या वर्षाला जाता येतं का? मुंबई विद्यापीठात दूरशिक्षण १९७१ पासून आहे. कित्येकांना ते 'आयडॉल' या नावाने माहीत असतं, आता त्याला सीडीओई म्हणतात. पुणे विद्यापीठाचं मुक्त अध्ययन प्रशाला आहे, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचंही दूरशिक्षण केंद्र आहे. विद्यापीठ तेच राहिलं की समकक्षतेची, म्हणजे जुने विषय नव्यांच्या बरोबरीचे ठरवण्याची, भानगड कमी होते, मायग्रेशन म्हणजे विद्यापीठ बदलण्याचा दाखला लागत नाही आणि विषयही बरेचसे जुळतात.

बहिणीचं काम शेवटी इथेच झालं. तिच्या विद्यापीठाच्या दूरशिक्षण विभागाने एफ.वाय. पूर्ण पास आणि एस.वाय.ला एकच एटीकेटी, म्हणजे एकच अडकलेला विषय, म्हणून टी.वाय.ला घेतलं. बाहेरच्या विद्यापीठात गेली असती तर दुसऱ्या वर्षापासून सुरुवात करावी लागली असती. ते का, ते पुढे सांगतो.

जुन्या विद्यापीठात एखाद-दुसरा विषय अडकलेला असेल आणि परीक्षेला बसायची मुभा असेल, तर बाहेर जायचं ठरलं तरी आधी तो विषय काढा.

तिसरी पायरी: कागद, आणि कागदावरचं नाव

मूळ मार्कशीट, दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, कॉलेज सोडल्याचा दाखला म्हणजे टीसी, विद्यापीठ बदलणार असाल तर मायग्रेशन, खंड पडला असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. इतकं सगळ्यांना माहीत असतं. न सुचणारी गोष्ट म्हणजे ज्या वर्षी शिकलात त्या वर्षाचा अभ्यासक्रम. नवं विद्यापीठ विषय जुळवताना नुसतं नाव पाहत नाही, आत काय शिकवलं होतं तेही पाहतं. 'फायनान्शियल अकाउंटिंग' दोन विद्यापीठांत एकच नसतं. जुन्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर त्या वर्षाची सिलॅबसची पीडीएफ असेल तर आजच उतरवून ठेवा. अभ्यासक्रम बदलला की जुन्या फाइली गायब होतात.

आता नाव. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं निम्मं काम इथे अडतं. मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. महाराष्ट्रातल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, कधी आईचंही. आधारवर क्रम वेगळाच. पुढच्या पायरीत जे क्रेडिट बँकेचं खातं उघडायचं आहे ते आधारच्या आधारे उघडतं, आणि नाव जुळलं नाही तर क्रेडिट खात्यात दिसतच नाहीत. बहिणीच्या खात्यात पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पडदा कोरा होता. "क्रेडिट कुठे गेले?" म्हणून ती घाबरली. क्रेडिट कुठेही गेले नव्हते, ते माहेरच्या नावाने विद्यापीठात पडून होते. विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद जोडून विद्यापीठाला अर्ज केला तेव्हा हळूहळू मार्ग निघाला. राजपत्राचं काम ऑनलाइन होतं, पण वेळ लागतो. म्हणून प्रवेशाची तारीख जवळ येण्याची वाट पाहू नका.

चौथी पायरी: क्रेडिट बँकेत खातं

अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, बोलीभाषेत एबीसी. जुलै २०२१ मध्ये ही सुरू झाली. डिजिलॉकर उघडा, त्यात ही सेवा शोधा, आधारने ओळख पटवा, बारा अंकी क्रमांक मिळतो. आता याच क्रमांकाला 'अपार' असंही म्हणतात. पैसे लागत नाहीत. कुणी यासाठी पैसे मागत असेल तर त्याच्या दुकानातून उठून या.

खात्याबद्दल तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्या लागतात. क्रेडिट तुम्ही स्वतः भरू शकत नाही, ते विद्यापीठच भरतं. ते भरले गेले नसतील तर परीक्षा विभागाला पीआरएन, सेमिस्टर आणि एबीसी क्रमांक देऊन लेखी कळवायचं. दुसरं, २०२१-२२ या शैक्षणिक वर्षात किंवा त्यानंतर केलेले अभ्यासक्रमच या बँकेतून वळवता येतात, आणि क्रेडिटचं आयुष्य जास्तीत जास्त सात वर्षं. तिसरं आणि सगळ्यात खर्चिक: जे विद्यापीठ पदवी देणार, त्याच्याकडूनच किमान निम्मे क्रेडिट मिळवावे लागतात.

या तिसऱ्या नियमाचा हिशेब बहिणीच्या आकड्यांवर करून पाहा. हातात सत्त्याहत्तर. पदवी एकशेवीसची, म्हणून बाहेरचे जास्तीत जास्त साठ धरता येतात. सतरा तिथेच गेले. मग विषय जुळवायचे. चार-दोन विषय जुळत नाहीत, आणखी थोडे जातात. त्यातून अनेक ठिकाणी प्रवेश वर्षाच्या सुरुवातीलाच मिळतो, मधल्या सेमिस्टरला नाही. साठ धरले तरी तिसऱ्या वर्षाला घेता येत नाही, कारण त्याला ऐंशी लागतात, म्हणून दुसरं वर्ष. म्हणजे सत्त्याहत्तरचे प्रत्यक्षात चाळीस झाले. "थेट तिसरं वर्ष" म्हणणाऱ्या त्या समुपदेशकाला हा नियम माहीत नसेल असं मला वाटत नाही.

पाचवी पायरी: विद्यापीठ पारखणं

इथे दूरशिक्षण आणि ऑनलाइन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी मनात पक्कं करा. दूरशिक्षणात पुस्तकं मिळतात, जवळच्या कॉलेजात अभ्यासकेंद्र असतं, परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची. ऑनलाइनमध्ये व्याख्यानं, चाचण्या, स्वाध्याय सगळं पोर्टलवर, आणि परीक्षेवर तांत्रिक पहारा असतो. ज्या गावात रोज चार तास वीज जाते आणि घरात एकच फोन आहे, तिथे दूरशिक्षण बरं. पुण्यात नोकरी करणाऱ्या, लॅपटॉप असलेल्या माणसाला ऑनलाइन सोयीचं. दोन्हींना सारखाच मान आहे. मान्यताप्राप्त संस्थेची अशी पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची, हे यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे.

मान्यता तपासायची जागा एकच: यूजीसीच्या दूरशिक्षण ब्युरोचं, म्हणजे 'डेब'चं, संकेतस्थळ. तिथे विद्यापीठाचं नाव दिसलं की लोक थांबतात. थांबू नका. मान्यता विद्यापीठाला सरसकट नसते. कोणता अभ्यासक्रम, दूरशिक्षणाने की ऑनलाइन, कोणत्या वर्षासाठी, जुलैच्या सत्राला की जानेवारीच्या, हे चारही जुळलं पाहिजे. एखाद्या विद्यापीठाच्या ऑनलाइन एम.बी.ए.ला मान्यता असेल आणि ऑनलाइन बी.कॉम.ला नसेल, असं होऊ शकतं. यादीतल्या त्या ओळीचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. २०२४ पासून ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाच्या प्रवेशासाठी विद्यार्थ्याने स्वतःचा डेब-आयडीही काढावा लागतो, आणि त्याला एबीसी क्रमांक लागतो. म्हणूनच चौथी पायरी आधी.

काही शाखांत हा रस्ताच बंद आहे. अभियांत्रिकी, वैद्यकीय, फार्मसी, नर्सिंग, फिजिओथेरपी, वास्तुशास्त्र, कायदा, हॉटेल व्यवस्थापन, शेती यांच्या पदव्या दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन देता येत नाहीत. "सुटलेलं बी.ई. ऑनलाइन पूर्ण करा" असं कुणी म्हणालं तर तिथेच विषय संपवा. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून यूजीसीने मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, अन्न व पोषण, आहारशास्त्र हेही थांबवले. मानसशास्त्र घेऊन बी.ए. अर्धवट राहिलेल्या मुली मला बऱ्याच भेटतात. त्यांनी नियमित कॉलेजात परतायचं की विषय बदलायचा, हे आधी ठरवावं.

खासगी मध्यस्थ हा वेगळाच विषय. विद्यापीठाला आपला अभ्यासक्रम कुणाला फ्रँचायझीवर चालवायला देता येत नाही, नियमांत ते स्पष्टपणे मना आहे. म्हणून फी नेहमी विद्यापीठाच्याच पोर्टलवर, विद्यापीठाच्याच खात्यात. क्लासवाल्याच्या जीपेवर नाही. आणि "एका वर्षात पदवी, मागच्या तारखेने" असं म्हणणारा माणूस तुम्हाला बनावट कागद विकतोय. तो कागद घेऊन नोकरीला लागलेल्याची पडताळणी एक ना एक दिवस होतेच.

आता नावं. आपल्याकडे दोन दारं बहुतेकांच्या खिशाला परवडणारी आहेत. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, १९८९ पासूनचं. मराठी माध्यम आणि तालुक्याच्या गावांपर्यंत पोचलेली अभ्यासकेंद्रं हे त्याचं मोठं बळ. दुसरं इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, १९८५ पासूनचं, देशभर चालणारं. त्याची प्रादेशिक केंद्रं मुंबई, पुणे, नागपूर आणि गोव्यात पणजीला आहेत. नोकरीमुळे सारखी बदली होत असेल तर मी इग्नू सुचवतो, कारण परीक्षाकेंद्र बदलता येतं. मराठीतून लिहायचं असेल तर नाशिक. इग्नूत एक क्रेडिट म्हणजे तीस तासांचा अभ्यास धरतात. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. चाळीस क्रेडिटचं वर्ष म्हणजे बाराशे तास, म्हणजे रोजचे तीन-सव्वातीन. नोकरी आणि घर सांभाळून हे जमणार का, याचा विचार फी भरण्याआधी घरच्यांबरोबर बसून करा.

सहावी पायरी: लेखी उत्तर मागणं

फोनवरचं बोलणं हवेत जातं. दोन किंवा तीन विद्यापीठं निवडा आणि त्यांच्या प्रवेश विभागाला हे पत्र अधिकृत ईमेलवर पाठवा. आम्ही पाठवलेलं असं होतं:

"महोदय, मी अमुक विद्यापीठातून बी.कॉम.ची चार सेमिस्टर दिली असून ७७ क्रेडिट मिळवले आहेत. मार्कशीट, अभ्यासक्रम आणि एबीसी क्रमांक सोबत जोडला आहे. कृपया पुढील बाबी लेखी कळवाव्यात. माझे किती आणि कोणत्या विषयांचे क्रेडिट स्वीकारले जातील? मला कोणत्या वर्षाला प्रवेश मिळेल? पदवीसाठी उरलेले क्रेडिट किती? समकक्षतेचं शुल्क किती, आणि क्रेडिट नाकारले गेल्यास प्रवेश शुल्क परत मिळेल का? अंतिम श्रेणी काढताना जुने गुण धरले जातील का?"

शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि तोच पुढे चावतो. काही ठिकाणी जुने विषय फक्त 'पास' म्हणून धरतात आणि श्रेणी नव्या विषयांवरच काढतात. जुने गुण चांगले असतील तर ते वाया जातात, कमी असतील तर फायदा. पुढे बी.एड. करायचं असेल तर पदवीला खुल्या प्रवर्गात पन्नास टक्के लागतात. त्यामुळे हा प्रश्न नुसत्या उत्सुकतेचा नाही. श्रेणीवरून टक्के काढायचं सूत्रही विद्यापीठाकडून मागून घ्या.

विषय जुळत नसल्याने थोडे क्रेडिट पडत असतील तर 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरचे अभ्यासक्रम कामाला येतात. एका सेमिस्टरमधले चाळीस टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तिथून घेता येतात. पण तोच विशिष्ट अभ्यासक्रम चालेल असं विद्यापीठाने आधी सांगितलं पाहिजे. प्रमाणपत्र आणून मग विचारलं तर उपयोग नाही.

सातवी पायरी: तिन्ही रस्ते एका पानावर

उत्तरं आली की एका कागदावर तीन रकाने करा. जुन्याच विद्यापीठात परत, नव्या विद्यापीठात हस्तांतर, मुक्त विद्यापीठात पहिल्यापासून. प्रत्येकात उरलेली सेमिस्टर, एकूण फी, परीक्षेची फी, केंद्रावर जायचा प्रवासखर्च, सुट्टीमुळे कापला जाणारा पगार. फीच्या आकड्याला भुलू नका. कमी फीचं विद्यापीठ एक वर्ष जास्त घेत असेल, तर त्या वर्षी न मिळालेली बढती हाही खर्चच आहे. बहिणीच्या कागदावर पहिला रकाना एक वर्षाचा निघाला, दुसरा दोन वर्षांचा, तिसरा तीन. त्यानंतर चर्चेला काही उरलं नाही.

परदेशात असलेल्या किंवा जाणाऱ्यांनी या कागदावर आणखी एक ओळ वाढवावी. कॅनडा-अमेरिकेत पदवीचं मूल्यमापन करणाऱ्या संस्था गुणपत्रकं थेट विद्यापीठाकडून मागवतात. दोन विद्यापीठांत शिकलात तर दोन्हीकडून ट्रान्सक्रिप्ट लागू शकतात. म्हणून जुन्या विद्यापीठाचे सगळे व्यवहार, थकबाकीसह, पूर्ण करूनच बाहेर पडा.

प्रवेश मिळाल्यावर

पहिल्या महिन्यात विद्यापीठाच्या पोर्टलवर तुमचे स्वीकारलेले क्रेडिट विषयवार दिसतात का ते पाहा. दिसत नसतील तर तेव्हाच लिहा. शेवटच्या सेमिस्टरला कळलं की दोन विषय नोंदलेच नव्हते, तर सहा महिने जातात. परीक्षेचा फॉर्म वेगळा भरावा लागतो, प्रवेश घेतला म्हणजे फॉर्म भरला असं नाही. स्वाध्यायाची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा, कारण दूरशिक्षणात नापास होणारे बरेच जण लेखीत नाही, स्वाध्याय न दिल्यामुळे अडकतात.

निकालानंतर पदवी आपोआप घरी येत नाही. दीक्षान्ताचा अर्ज वेगळा असतो, त्याची फी वेगळी. तोवर नोकरीसाठी तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र मागून घ्यायचं. दीक्षान्ताच्या अर्जात नाव जसं लिहाल तसंच पदवीवर छापून येतं, म्हणून आधार, मार्कशीट आणि राजपत्र तिन्ही समोर ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून पाहा. बहिणीने तो अर्ज माझ्यासमोर भरला. देवनागरीतलं नाव तिने तीनदा वाचलं, मग बोट ठेवून माझ्याकडून एकदा वाचून घेतलं, आणि मगच 'सबमिट' दाबलं.